बारा तारखेचा तास

केंद्राच्या लॉगरने अखेर एक तास अगदी स्वच्छ, अक्षरन् अक्षर ऐकू येईल असा रेकॉर्ड केला. मात्र असा काही तास झालाच नाही, असं रेडिओ केंद्रात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा आपणही तो झाला नाही असंच धरून चालू.

लॉगर म्हणजे तंत्रज्ञांच्या खोलीतला कोपऱ्यातला कॉम्प्युटर. रेडिओवरून जे जे जाईल ते टिपायचं आणि नव्वद दिवस सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. त्याची देखभाल फ्यूजकडे होती. कामावर आला त्या पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या मजल्याचा फ्यूज उडवला होता, तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. दीड वर्षं तो तात्पुरता होता. त्याला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली सहीची वाट पाहत होता. आईने मात्र नातेवाइकांना तो कायम झाल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं, आणि आईला खोटं पाडणं फ्यूजच्या घरात कोणाला जमलेलं नव्हतं.

एकोणतीस तारखेला पत्र आलं. बारा तारखेच्या सकाळच्या कार्यक्रमात आपल्या आंघोळीबद्दल शंका घेण्यात आली, अशी पाणीपुरवठा अधिकाऱ्याची तक्रार होती. वरच्या कार्यालयाने त्या तासाचं रेकॉर्डिंग मागवलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत.

साहेबांनी सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या मावशींना तंत्रज्ञांच्या खोलीत बोलावलं. मावशी सव्वीस वर्षं माइकसमोर बसत होत्या आणि माइकलाही दबून राहायला लावत होत्या.

"मावशी, तुम्ही असं म्हणालात?"

"मी? छे. आणि म्हणाले असेन, तर काहीतरी बघूनच म्हणाले असेन."

"फ्यूज, बारा तारीख लाव. सकाळचे सात."

फ्यूजने फाइल उघडली. आधी खुर्ची करकरली. मग कोणीतरी नाक शिंकरलं. मग साहेबांचा आवाज आला, "चहात साखर आहे का नुसता रंग आहे?"

फ्यूजने लॉगरच्या मागे वाकून वायर पाहिली. महिन्यापूर्वी त्याने लॉगरचं सॉफ्टवेअर नवीन केलं होतं. त्या गडबडीत सॉफ्टवेअरने प्रसारणाची वायर सोडून कॉम्प्युटरचाच चिमुकला माइक धरला होता. त्यामुळे महिनाभर केंद्राने जगाला काय ऐकवलं त्याची नोंद नव्हती. या खोलीत कोण काय बोललं त्याची होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून मावशी मागे कुठेतरी, विहिरीच्या तळातून बोलल्यासारख्या ऐकू येत होत्या.

"आपले पाणीपुरवठा अधिकारी," असं मावशी म्हणाल्या, आणि पुढचं सगळं साहेबांच्या हसण्यात बुडालं. साहेब दीड मिनिट हसत होते. मग त्यांचा आवाज आला, "अगदी बरोबर बोलली बाई. त्या माणसाला तीन वेळा भेटलोय मी, तिन्ही वेळा खिडकी उघडावी लागली."

खोलीत शांतता पसरली. तीही रेकॉर्ड होत होती.

"हे पाठवता येणार नाही," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

"मग दुसरं कर. तो तास परत करू. मावशी बोलतील, तू टिपून घे. आंघोळ वगळायची. नीट झालं तर त्या गोळ्याखालचा कागद मी आजच मोकळा करतो."

फ्यूजने पहिल्या स्टुडिओची वायर थेट लॉगरला जोडली. फाइलवर बारा तारीख आणि सकाळचे सात पडावेत म्हणून लॉगरचं घड्याळ मागे नेलं. इतकं सुबक काम त्याने आजवर केलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, प्रसारणावर गाणी लागली होती, कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

स्टुडिओच्या दारावरचा, प्रसारण चालू असल्याचं सांगणारा लाल दिवा पेटला. पण दोन वर्षं तो वाटेल तेव्हा पेटायचा, त्यामुळे कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"शुभ सकाळ. आज बारा तारीख," मावशींनी सुरुवात केली. "आपले पाणीपुरवठा अधिकारी... इथेच ना ती आंघोळ?"

"इथेच. वगळा," मावशींशेजारी फ्यूजसह उभे असलेले साहेब म्हणाले.

"मग काय म्हणू? अधिकारी स्वच्छ आहेत म्हणू?"

"इतकंही नको. खोटं वाटेल."

"साहेब, हळू," फ्यूज म्हणाला. "परत घेऊ. मावशी, आंघोळीच्या आधीपासून."

असं सात वेळा झालं. पाचव्या वेळी साहेबांनी स्वतः बोलून दाखवलं, आणि भरात खिडकीचाही उल्लेख केला. सातव्या वेळी फ्यूजचा फोन थरथरला. पलीकडे आई होती.

"अरे, आज बारा तारीख कशी? मी तर एकोणतीस तारखेच्या गोळ्या घेतल्या."

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"रेडिओवर चाललंय की. तुझा आवाज पण आला. तुझ्या आत्याला फोन करून रेडिओ लावायला सांगितला. चांगला बोलतोस रे, पण त्या बाईंना मध्ये मध्ये तोडू नकोस."

फ्यूजला एकदम सगळं उमगलं. गाणी लावणारं यंत्र आपली वेळ लॉगरच्या घड्याळावरून घेत असे. घड्याळ बारा तारखेच्या सातवर गेलं, तसं यंत्राने आज्ञाधारकपणे गाणी थांबवली आणि मावशींचा स्टुडिओ सुरू केला. वीस मिनिटं सगळं शहर त्या अधिकाऱ्याची आंघोळ वगळली जाताना ऐकत होतं.

फ्यूजने धावत जाऊन गाणी लावली. घड्याळाला हात लावायची मात्र त्याची छाती झाली नाही.

साडेचारला दुसरी तक्रार आली. पहिलीत एक आंघोळ होती, हिच्यात सात आणि एक खिडकी. दुपारच्या त्या तासाचं रेकॉर्डिंगही मागवलं होतं. ते होतं, आणि फारच सुंदर होतं.

साहेबांनी काचेचा गोळा बाजूला केला आणि फ्यूजचा कागद सही करून त्याच्या हातात दिला. "हे घे. आणि तू कोणाला काही बोलायचं नाही." बाहेर टंकलेखिकेने त्यावर कॉम्प्युटर दाखवत होता ती तारीख घातली. केंद्रातले सगळेच कॉम्प्युटर लॉगरचं ऐकत. तारीख पडली बारा.

मग साहेबांनी फ्यूजलाच वरच्या कार्यालयासाठी उत्तराचा मसुदा लिहायला बसवलं. तो असा:

"विषयांकित तास हा प्रथम दि. १२ रोजी सकाळी व नंतर दि. १२ रोजीच परंतु एकोणतीस तारखेला दुपारी झाला असल्याने, त्यांपैकी नेमका कोणता मागविला आहे हे ठरविणे या केंद्रास शक्य नाही. सबब, चालू महिन्यातून बारा तारीख कायमची वगळण्यात यावी व महिना अकरावरून थेट तेरावर नेण्यात यावा. मात्र त्या दिवशी केंद्राचा तंत्रज्ञ कायम झाला असून त्याच्या आईने तसे सर्व नातेवाइकांना कळविले आहे. तेवढा भाग राहू द्यावा, ही विनंती."