ढोले सरांचा बाण

आमचे शेजारी ढोले सर यांच्या फाटकावर नावाची पाटी नाही, बाण आहे. लोखंडी, पिवळाधमक, हातभर लांब आणि थेट घराच्या दाराकडे रोखलेला. फाटकापासून दार आठ पावलांवर. वाटेत चुकायला एका तुळशीवाचून काही नाही. पण सरांना हे पटत नाही.

"दारात येऊनही माणूस चुकते, प्रकाशभाऊ. दिशा पायजे बाप्पा, दिशा!"

सर अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. निवृत्त माणसं फिरायला जातात, भजनी मंडळात जातात, निदान पेपरवाल्याशी भांडतात. सरांनी लॅपटॉप घेतला आणि वेबपेज करायला शिकले. मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग, शेंदूरजनाघाटचे संत्राव्यापारी, सगळ्यांची पानं सर करून देतात. मजकूर कमी, बाण फार. एका संत्राव्यापाऱ्याच्या पानावर मी नऊ बाण मोजले. संत्री दोनच होती.

बाण उमटवायचे दोन मंत्र त्यांनी, मी मागितले नसताना, माझ्या कानात सांगितले आहेत. पानाच्या मजकुरात, म्हणजे एचटीएमएलमध्ये, लिहायचा तर "अँड, आर, ए, आर, आर, अर्धविराम." पानाच्या सजावटीत, म्हणजे सीएसएसमध्ये, लिहायचा तर "तिरपी रेघ, एकवीसशे ब्याण्णव." आणि मग डोळे मोठे करून, "पण याची अदलाबदल केली का, सत्यानाश!"

तो सत्यानाश त्यांनी स्वतःच एकदा करून दाखवला. परतवाड्याच्या शिकवणी वर्गाचं पान करताना एचटीएमएलचा मंत्र सीएसएसमध्ये घातला. बाण उमटायच्या ऐवजी मंत्रच जसाच्या तसा छापला गेला. 'प्रवेशासाठी इथे या' आणि पुढे ती इंग्रजी अक्षरं. दोन पालकांनी फोन करून विचारलं, हा नवा कोर्स किती महिन्यांचा?

दुसऱ्यांदा त्यांनी तिरपा बाण काढला, वर उजवीकडे जाणारा, नाजूक. लॅपटॉपवर तो तसाच दिसला. मोबाईलने मात्र त्याला परस्पर निळ्या चौकोनात बसवून चित्र करून टाकलं. सर फोन नाचवत आमच्या अंगणात आले. "पाहा! माह्या बाणाले निळी चड्डी घातली यायनं! काहून? मी मांगतली होती?" ती चड्डी उतरवायचा एक अदृश्य आकडा असतो म्हणे. तो सापडेपर्यंत सर धड जेवले नाहीत.

मी पुष्कळ हसलो आहे त्यांना. मग एकदा मंदावहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, हे बाण केव्हापासून सुरू झाले ते मला सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी या घराची वास्तुशांत होती. अकोल्याहून सरांचे थोरले भाऊ, शामरावदादा, खांद्यावर तांब्याची घागर घेऊन आले. मे महिना. नवं लेआउट, म्हणजे नुकतीच वसलेली वस्ती, सगळी घरं एकसारखी, विचारायला रस्त्यावर माणूस नाही. सर पूजेला बसलेले, उठता येईना, आणि दादांना स्टँडवरून आणायला कोणाला तरी पाठवायचं राहूनच गेलं. दादा दीड तास उन्हात फिरले आणि घागर घेऊन आल्या गाडीने परत गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. पुढच्या महिन्यात फाटकावर बाण लागला.

यंदा सरांच्या मुलीचं, रश्मीचं, लग्न ठरलं. तिने बजावलं, "मोठेबाबा नाई आले तं मी अंतरपाटापुढं उभीच राहनार नाई." आमच्याकडे थोरल्या भावाला आमंत्रण द्यायचं म्हणजे घरी जायचं, कपाळी कुंकू लावायचं, पत्रिका हातात ठेवायची, पाया पडायचं. सरांचं पाऊल उचलेना. "मी गेलो अन् दादानं दार लावून घेतलं तं?"

मग त्यांनी पान केलं. डावीकडे अकोला, उजवीकडे अमरावती आणि मधे एकच बाण. नेहमीचा नाही, नवीन निघालेला, जाडजूड, पोट भरलेला. त्याची लांबी, जाडी, रंग यात अख्खा महिना घालवला. मी ऑफिसच्या कामाने दर गुरुवारी अकोल्याला जातो, म्हणून ते पान दादांना पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

दादा ओसरीत पेपर वाचत बसले होते. मी पान त्यांच्या फोनवर पाठवलं. त्यांनी फोन उचलला, पाहिला, उलटा ठेवला.

"मोठ्या भावाले लिंक पाठवते का कोनी?"

मी सारवासारव केली. "बाण पाहिला का दादा? सरांनी महिनाभर खपून केला. काही काही फोनवर नीट दिसत नाही म्हणतात, बाणाच्या जागी नुसता रिकामा चौकोन, डब्बा दिसतो."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फोनकडे पाहिलंही नाही.

"हाव. डब्बाच दिसून राहिला. सांगजो त्याले."

निरोप ऐकून सर ओट्यावर मटकन बसले. "डब्बा? लग्नाच्या पानावर डब्बा? दादाच्या फोनमंदी ते बाणाचं अक्षर नसन. आता अक्षर सोडून बॉर्डरच्या रेघांचा त्रिकोण करून बाण काढा लागते, तो कुठंबी दिसते." मग म्हणाले, "पण फोन पाह्यल्याबिगर कसं समजन?"

"मग चला," मी म्हटलं.

"टेस्टिंगसाठी," सर म्हणाले.

"टेस्टिंगसाठीच," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो. बसमध्ये सर लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसले होते. दार दादांनीच उघडलं. नऊ वर्षांनी भाऊ दारात उभा, आणि दादा म्हणाले, "आलास? हे पाय, डब्बा." आणि फोन पुढे केला.

सरांनी फोन घेतला. मी मागून डोकावलो. फोन माझ्या फोनपेक्षा नवा होता. अकोला आणि अमरावतीच्या मधे बाण उमटला होता, काळाकुट्ट, जाडजूड, टोकापासून शेपटापर्यंत अख्खा. मी तोंड उघडणार, तोच सरांनी माझ्या पायावर पाय दिला.

"हाव दादा," ते म्हणाले, "डब्बाच हाय. वेळ लागन याले."

"किती?"

"दोन-तीन घंटे."

दादांनी आत हाक दिली, "अवं, दोन ताटं वाढवजो!"

सरांनी बॅग उघडली. लॅपटॉपच्या आधी त्यातून कुंकवाची डबी निघाली, मग पत्रिका. त्यांनी दादांच्या कपाळी कुंकू लावलं, पत्रिका हातात दिली आणि वाकले. वाकले ते बराच वेळ उठेनात. दादांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि बाजूला बसवलं. "बस. डब्बा काढ पयले."

जेवणं झाली. मी ओसरीतल्या खाटेवर लवंडलो. आत दोघं म्हातारे लॅपटॉपला डोकी लावून, जो बाण दिसत होता तो दिसावा म्हणून खटपट करत होते. "जाड कर थोडा," दादा म्हणत होते, आणि बाणाला दुसऱ्याचा हात लागू न देणारे सर म्हणत होते, "करतो."

बऱ्याच वेळाने दादांनी विचारलं, "कोन्त्या गाडीनं येऊ मंग?"

"कोन्त्याबी गाडीनं ये दादा. मी सकायपासूनच स्टँडवर उभा राह्यतो."

"लग्नघर सोडून?"

"लग्नघर सोडून."

दादांनी पत्रिकेवरची तारीख पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "टोपी घालून येजो. ऊन रायते तिथं."