सायीला वारा लागू नये

ऐन मार्चात, वणीच्या उन्हात, घरातला पंखा आपल्या हातानं बंद करणारा एकच माणूस मी पाहिलाय: आमचे शेजारी देवरावकाकाजी. पंख्यानं गॅसची आच हलते, आच हलली की साय फाटते. पाहुण्याला खोकायचं असेल तर त्यानं अंगणात जाऊन खोकावं, असा दंडक.

साय म्हणजे सोयाबीनच्या दुधाची. काकाजींनी जन्मभर सोयाबीन पेरलं, पोत्यात भरलं, विकलं. खाल्लं कधीच नाही; आमच्याकडे खातंच कोण? पण काकू मोठ्या दुखण्यातून उठल्या आणि त्यांचं अन्नच तुटलं. वरणभातही नको. मग काकाजींनी मोबाइलवर कुठलासा चिनी आचारी पाहिला, आणि ज्यांना घरातली चहाची गाळणी सापडत नव्हती ते थेट कढईपुढे उभे राहिले. दुधावर साय धरली की काडीनं अलगद उचलायची, दोरीवर टांगायची. मग लसणाच्या फोडणीत चिवळीची कोवळी पालेभाजी, त्यात सायीचे तुकडे, वरून मूठभर सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर. "हलकं पाह्यजे, हलकं," हे पालुपद.

परवा चिवळ मी नेली. नळाखाली धुतली आणि तसाच मातकट हातांनी स्वयंपाकघरात शिरलो. दोरीवर पिवळट, मऊ फडकं लोंबत होतं. मी ऐसपैस हात पुसले. फडक्याचा एक तुकडा बोटांना चिकटून आला, तेव्हा कुठे मला शंका आली.

"काहून बे," काकाजी हळूच म्हणाले. सायीपुढे ते ओरडतही नाहीत. "तुह्या काकूचं जेवण होतं ते."

कढईत थोडं दूध होतं. त्यांनी आच लहान केली आणि मला काकूंकडे पिटाळलं, श्वासही तिकडेच घे म्हणाले.

काकूंनी आपली बाज स्वयंपाकघराच्या दारासमोर ओढून घेतलेली. मी माफी मागितली, तर त्या गालात हसल्या.

"मले कायची चव समजते, बाबू? दुखण्यापासून तोंड मातीसारखं हाये. पण लग्न झाल्यापासून हा माणूस वावरात राह्यला. आता सकाळभर माह्या डोळ्यासमोर उभा राह्यते. मी खाल्लं नाई, तं हा उद्या कायले उभा राहीन?"

तेवढ्यात काकाजी घामानं निथळत ताटली घेऊन आले. काकूंनी सावकाश, शेवटच्या पानापर्यंत खाल्लं.

"हलकं झालं ना?" काकाजींनी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या. "पण उद्या अजून जरासं हलकं करा."

काकाजी लगेच सोयाबीन भिजवायला वळले.