गालगुंडाचा माग

इंदूचा गाल पुरीसारखा फुगला. डॉक्टर म्हणाले, गालगुंड आहे, बरं होईल. विषय तिथंच संपायचा, पण तिच्या वडिलांनी, म्हणजे शामकांतांनी, ‘हे येतं कुठून?’ असं विचारलं. डॉक्टरांनाही कुणी तरी विचारायलाच हवं होतं. याचं कारण एक विषाणू, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा. तो लाळेतून पसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी गाल सुजवतो, असं त्यांनी सांगितलं.

शामकांत भिंगारला छावणीच्या कचेरीत कारकून. तपास म्हणजे त्यांचा जीव की प्राण (हरवलेली टाचणीही त्यांना कधी सापडली नव्हती, ही गोष्ट वेगळी). दूध घालणाऱ्या मालनबाईच्या नातवाचाही गाल सुजलाय, एवढं कळताच त्यांनी निकाल दिला आणि तिचं दूध बंद केलं.

त्यांच्या पत्नीनं, दमयंतीबाईंनी, रिकामं पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं. लढाईचे दिवस, गावचं बरंचसं दूध पलटणीला जाई, आणि इंदूला दुधाशिवाय काही गिळवत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी दूध आलं; पुंजाराम नावाचा नवा गवळी लावलाय, असं दमयंतीबाईंनी सांगितलं. शामकांतांनी मिशीवरची साय पुसत पुंजारामचं कौतुक केलं. मालनबाई नुसतं पाणी घालत होती, असंही म्हणाले. रोज म्हणाले.

इंदूचा गाल उतरला तेव्हा दमयंतीबाईंनी तोंड उघडलं.

“पुंजाराम कुणी नाहीच. हे मालनबाईचंच दूध. रोज मागच्या दारानं येतंय. तिचा नातू आणि इंदू एकाच दिवशी आजारी पडले. त्यांच्या आधी कुणाचा गाल सुजला होता, आठवतंय?”

शामकांतांना आठवलं. गेल्या महिन्यात अक्कलदाढ येतेय म्हणून त्यांनी मफलर बांधून सुजलेला गाल गावभर मिरवला होता. इंदूला दूध स्वतः चाखून पाजलं होतं. मालनबाईच्या नातवाची पिपाणी वाजवून दाखवून परत त्याच्याच तोंडात दिली होती. (अक्कल अर्थातच आली नव्हती.)

ते तडक मालनबाईच्या गोठ्यावर गेले.

“मालनबाई, माझं चुकलं. तुम्ही नसता तर माझी पोर उपाशी राहिली असती. तुमचे उपकार मी विसरणार नाही.”

“आसूं द्या, भाऊसायेब. लेकराचं दूध कुनी तोडतं व्हय?”

शामकांतांना अगदी भरून आलं. ते तिथंच खेळणाऱ्या नातवाला कडेवर घ्यायला वाकले. मालनबाई चटकन मधे आली.

“उपकार मानायचे तर लांबूनच माना.”