घ्या, बदला, पुढं द्या

बुटले सरांना चुकूनही 'थँक्यू' म्हणू नका. माणूस चिडतो. पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत मी नवी होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी बनवलेला अपूर्णांकांचा धडा वर्गात शिकवला आणि भल्या मनानं आभार मानायला गेले.

"ते राहू द्या मॅडम. त्याच्यात बदललं काय तुमी?"

"काहीच नाही. चांगलाच होता की."

"अरे बाप्पा! मंग कायले वापरला? जसाच्या तसा तं झेरॉक्सवालाही काढून देते!"

अस्सा राग आला मला! कौतुकही करायचं आणि वर बोलणीही खायची.

सर गणिताचे धडे लिहितात, चित्रंही स्वतःच काढतात आणि सगळं इंटरनेटवर टाकून मोकळे होतात. प्रत्येक पानाखाली एकच ओळ: 'घ्या, बदला, पुढं द्या. विचारू नका.' दारव्ह्याच्या एका गुरुजींनी त्यांच्या धड्यात कापसाऐवजी सोयाबीन घातलं, सर खूश. सीमेपलीकडे तेलंगणातल्या शिक्षकानं तो तेलुगूत नेला, सर आणखी खूश. केनियातल्या कुण्या बाईनं बोरं काढून आंबे घातले, तेव्हा तर सरांनी अख्ख्या शाळेला भजी खाऊ घातली. "पाहा, कसे बेस काढले तिनं आंबे! माहं बोर तं टमाट्यावानी दिसे."

डब्याच्या बाबतीतही तेच. माझ्या वांग्याच्या भाजीत त्यांनी आजवर इतके बदल सुचवलेत, की तिच्यात वांगं उरलंय हेच नशीब.

त्यांच्या साऱ्या गणितांत एकच मुलगी असते, वेणू. पहिलीच्या धड्यात ती चिंचोके मोजते, चौथीत घाटंजीच्या बाजारात जाऊन मापात मारणाऱ्या भाजीवाल्याला धारेवर धरते. वजाबाकीतसुद्धा वेणूचं कधी काही हरवत नाही, ती दुसऱ्याला देते. आणि गणित संपलं तरी खाली एक वाक्य असतंच: 'संध्याकाळी वेणू घरी आली.'

"सर, या वाक्याचा उत्तराशी काय संबंध?" मी एकदा विचारलं.

"काही नाई. राहू द्या," म्हणाले.

मग यंदा नेपाळातल्या एका शिक्षिकेचा फोनवर मेसेज आला. डोंगरातली लहानशी शाळा. तिला सरांचे धडे फार आवडले होते, पण आमच्याकडे वेणू हे नाव कुणाचं नसतं, मी तिला कमला केलं तर चालेल का, असं तिनं हिंदीत विचारलं होतं.

सर उत्तरच देईनात. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, विचारू नका असं तुम्हीच लिहिता, आणि त्या बिचारीनं विचारलं तर मूग गिळून बसता?"

सर हातावरचा खडू झटकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, वेणू माही पोरगी. तिले शाळेत टाकाचं होतं, त्याच्या आधीच तापानं गेली. मंग मी तिले गणितात टाकलं. पहिली झाली, दुसरी झाली, मोठी होत गेली. लोकायनं सारं बदललं, पण नाव कोणी नाई बदललं. तेही गेलं तं माह्याजवळ काय राह्यलं?"

माझे डोळे भरून आले. कसंबसं म्हटलं, "नाही म्हणून कळवा सर. समजेल त्यांना."

"नाई कसं म्हणू? तिथल्या पोरायले ते आपली वाटाले पाह्यजे नं."

सोमवारी त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. ताटात तांदूळ पसरलेले, त्यात बोटभर अक्षरांत लिहिलेलं: कमला.

"लग्नात नवरीचं नाव बदलते नं, तांदळात लिहून? आज असती तं लग्नाचीच झाली असती. लिहाले नवरदेव नाई, म्हून मीच लिहिलं, तिच्या मायच्या आंगठीनं. मायनं ताट धरलं."

तो फोटो त्यांनी नेपाळला धाडला. सोबत फक्त 'हो' लिहिलं.

आठवड्यानं तिकडून व्हिडिओ आला. वर्गात ओळीनं पोरं बसलेली, प्रत्येकापुढं ताट, ताटात तांदूळ, आणि पोरं त्यात बोटानं 'कमला' गिरवतायत. बाईंना वाटलं होतं, सरांनी अक्षरं शिकवायची नवी युक्ती पाठवली!

मला हसू आलं आणि रडूही. "सर, ते लग्नाचं ताट होतं म्हणून सांगू का त्यांना?"

सर मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. एक चिमुरडी तांदूळ सारखे करून पुन्हा क काढायला बसली होती.

"कायले सांगता, मॅडम? शाळेत गेली नं पोरगी."