अकराच्या पुढची जागा

खेडकर गुरुजी उलटे चालत. फळ्यावर आकडे मांडले की नजर न हलवता मागे मागे सरकायचे, पार भिंतीला टेकेपर्यंत. एकदा दार उघडं राहिलं आणि ते थेट व्हरांड्यात, हेडमास्तरांच्या चहावर आदळले. धोतर भिजलेल्या हेडमास्तरांनाच त्यांनी विचारलं, "दिसलं का?"

जामखेडकडच्या त्या शाळेत मी नवा मास्तर, पत्रकं वाचून तापलेला. पाढे घोकायला लावणं ही गुलामगिरी आहे, असं मी ठणकावून सांगायचो आणि वर्गात घोकायलाच लावायचो. गुरुजी कधी ठणकावत नसत. ते लिहायचे एक. त्याखाली एक अधिक तीन. त्याखाली एक अधिक तीन अधिक पाच. शेजारी तेवढेच ठिपके, चौकोनात.

"जवळून नुसता खडू दिसतो. मागं सरा लेकांनो, आकड्यांची चाल बघा."

मग अख्खा वर्ग उलटा चालायचा आणि एकमेकांच्या पायांवर पडायचा.

चाल पहिल्यांदा वर्गातल्या चंद्रीला दिसली. "गुरुजी, चौकोन मोडतच न्हाई! दर येळी एक एक कड वाढतीय!" पंचविसाची ओळ तिने स्वतः लिहिली. पुढची ओळ अकरापर्यंत आणून बरोबरचं चिन्ह काढलं, तेवढ्यात दारातून बापाची हाक आली. ऊसतोडीची टोळी श्रीगोंद्याकडे निघाली होती, बैल जुंपलेले होते.

"पुसू नका गुरुजी, आल्यावर सांगती!" म्हणत ती पळाली.

तेव्हापासून अर्धा फळा बंद. उरलेल्या अर्ध्यात गुरुजी इतकं बारीक लिहीत, की पोरं म्हणत, "गुरुजी, नुसत्या मुंग्या दिसत्यात."

आणि तपासणीचं पत्र आलं. हेडमास्तर म्हणाले, "खेडकर, साहेबांना फळा कोरा लागतो. मागच्या खेपेला तुम्ही त्यांनाच भिंतीपर्यंत मागं नेलंत. आता फळा कोरा नसला तर बदली, तीही पार अकोले तालुक्यात."

"पोरीला शबूद दिलाय," एवढंच गुरुजी बोलले.

अकोलं म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. चंद्री परत येईल तेव्हा गुरुजीच नसतील, तर त्या ओळीचं करायचं काय? तपासणीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शाळेत गेलो आणि ओल्या फडक्याने फळा पुसला. अन्यायाशी झुंजायला निघालेल्या माणसाची ही पहिली कृती.

साहेब खूश होऊन गेले. गुरुजी नेहमीसारखे भिंतीपर्यंत मागे गेले आणि कोऱ्या फळ्याकडे बघत राहिले.

"मीच पुसला," मी म्हणालो. "बदली टळली, गुरुजी."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी खडू घेतला.

"आकडे ठावं हायेत. पन तिच्या पाचाचं शेपूट कुनीकडं हुतं हो, मास्तर?"

मला आठवेना. मी ते कधी बघितलंच नव्हतं.

आता कारखान्यांचं गाळप संपत आलंय, टोळ्या परतू लागल्यात. रस्त्यावर बैलांची घुंगरं वाजली की आम्ही दोघंही दचकतो. गुरुजी तिच्या ओळीतला पाच लिहितात, पुसतात, जरा वाकडा करून पुन्हा लिहितात. अकराच्या पुढची जागा तेवढी मोकळी ठेवतात. मग भिंतीपर्यंत मागे येतात आणि हळूच मला विचारतात,

"दिसतं का हो, माझं हाय म्हनून?"