सात नंबरचा खांब

फाटकापासून सातव्या खांबाला पान फुटलं होतं.

विलेमीननं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पान हिरवंगार, आणि जरा आगाऊच. नेदरलंड्सच्या मोजणी खात्यात चौतीस वर्षं घालवलेल्या बाईला खांब आणि झाड यांतला फरक कुणी शिकवायला नको होता. तीन आठवड्यांपूर्वी, शेजारच्या मेल्वाच्या कोंबड्या परसात शिरू नयेत म्हणून तिनं कुंपण घालायला काढलं. मेल्वाच्याच भाच्याला, आर्सेलियोला बजावलं, "लाकडाचे खांब हवेत. सरळ आणि सुके." बावीस खांब आले. खात्याच्या सवयीनं तिनं प्रत्येकाच्या बुडाशी निळ्या मेणखडूनं खूण केली आणि मगच तो खड्ड्यात उतरू दिला.

तिनं पान खुडलं. दुसऱ्या दिवशी चार खांबांना पानं होती. तीही खुडली.

"खांब बदलतायत," ती स्वतःशी म्हणाली.

असल्या भानगडी तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. आज हद्दीवर रोप, उद्या वहिवाट, परवा कोर्ट. आर्सेलियो मागच्या बाजूला खोली बांधतोय, त्याला जागा लागणारच. आणि मेल्वा रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता विचारते, "काय गं विली, खांब बरे आहेत ना?" खांबांची तब्येत कोण विचारतं?

मग विलेमीननं खांबांवर एक ते बावीस आकडे घातले. आठवडाभर पाऊस लागला. उघडीप झाल्यावर ती बाहेर आली, तर एकूण एक खांबाला पालवी, आणि आकडे जिथल्या तिथे! म्हणजे आकड्यांचीसुद्धा नक्कल! तिच्या सातची मोडकी मानदेखील हुबेहूब. कारागीर पोचलेला होता.

संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा शोधावा लागत नाही, तो चालत येतो. गेल्या वर्षी डेंग्यूत मेल्वा नऊ दिवस तिच्या उशाशी बसली होती. परमुलखातल्या या सगळ्या दाविद शहरात विलेमीनला आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. पण आता तिला आठवलं, आपली खाट घराच्या कागदपत्रांच्या कपाटाला लागूनच होती.

रविवारी नेहमीप्रमाणे कुंपणावरून सांकोचोचा वाडगा आला. कोंबडीच्या रश्शाचा वास परसभर पसरला.

"आज नको. तुम्हीच घ्या," विलेमीन म्हणाली.

"तुम्ही?" मेल्वाचा हात तसाच राहिला. "चार वर्षांत मला कधी तुम्ही म्हणालीस? ताप आलाय का गं?"

"मला सगळं कळलंय."

"मग मलाही सांग की, बाई!"

विलेमीन आत निघून गेली. जेवायला कोरडा पाव होता.

मंगळवारी विलेमीनच्या तक्रारीवरून वस्तीचे तंटे मिटवणारे इतुराल्देसाहेब आले. गल्लीतले लोक आपापल्या खुर्च्या घेऊन बसले. कुणीतरी भाजलेली कणसंही आणली.

"माझे बावीस सुके खांब चोरीला गेलेत," विलेमीननं कागद वाचला. "त्यांच्या जागी झाडं लावलीत. सात नंबर उपटा. खाली माझी खूण निघाली, तर हरले!"

आर्सेलियोनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं खांबाकडे बोट केलं. त्यानं दोन्ही हातांनी खांब हलवला आणि उपटला.

बुडाशी टीचभर पांढरी मुळं लोंबत होती. मुळांच्या मधोमध निळी खूण.

"मेतो!" 'अगंबाई' म्हणावं तसं मागून कुणीतरी तिथल्या बोलीत ओरडलं आणि गल्ली फिसकन हसली.

"विलीबाई," इतुराल्देसाहेब हळूच म्हणाले, "इथं असलं खोड जमिनीत रोवलं की धरतंच. माझ्या फाटकाला तर दर वर्षी कात्री लावावी लागते."

"पण मी सुके सांगितले होते," विलेमीन म्हणाली.

"सुक्याला वाळवी लागते, बाई, वर्षात भुगा," आर्सेलियो म्हणाला. "मावशीनं आपलंच झाड तोडायला लावलं. म्हणाली, विलीला काय मेलेलं लाकूड द्यायचं? त्या झाडाला इथं लोक पर्यटक म्हणतात. साल उन्हात भाजल्यासारखी लाल होते आणि सोलून निघते म्हणून."

सगळ्यांनी विलेमीनच्या नाकाकडे पाहिलं. ते लाल होतं आणि सोलून निघालं होतं.

"म्हणून विचारायचीस, खांब बरे आहेत का? आणि मी पानं खुडत बसले!"

"धरलेत की नाही, ते विचारत होते!" मेल्वा तडकली. "आणि तू माझी पानं खुडत होतीस! पान दिसेना, म्हणून चार दिवस भाच्याला रागावत होते मी, की त्यानंच अवेळी झाड तोडलं!" ती खुर्ची उचलून घरात गेली.

विलेमीननं सात नंबर स्वतःच्या हातानं पुन्हा रोवला. माती दाबताना मोजायच्या फितीची आठवणही झाली नाही. खांब चांगला वीतभर मेल्वाच्या बाजूला गेला, म्हणजे कायदेशीर अर्थानं आता विलेमीननंच शेजारणीची जमीन बळकावली होती. मेणखडू तिथेच चिखलात राहिला.

चार दिवस पलीकडून कुणी खांबांची चौकशी केली नाही. सात नंबर पार टक्कल पडून उभा होता. विलेमीन रोज जाऊन त्याच्यापाशी थांबायची. कोंबड्यांशीसुद्धा बोलून पाहिलं.

रविवारी कुंपणावर वाडगा दिसला. मागे मेल्वा, तोंड दुसरीकडे करून.

"मेल्वा, मी..."

"गार होतंय ते. आधी जेव."

विलेमीननं उभ्या उभ्याच रस्सा संपवला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटानं म्हणावं तर रश्शात तिखट नव्हतं. मग वाडगा धुवायला तिनं पालथा केला.

बुडाशी निळ्या मेणखडूची खूण होती.

"नीट बघून घे," कुंपणापलीकडून आवाज आला. "नाहीतर म्हणशील, वाडगा बदलला."