धुरपताबाईच्या स्वयंपाकघराचे प्रमाणीकरण

पळसखोरी तांड्यावरच्या धुरपताबाईचं स्वयंपाकघर नीटनेटकं आहे, ही गंभीर बाब 'सुघड गृह अभियान' कक्षाच्या निदर्शनास आली, तेव्हा मार्च जवळ आला होता आणि तालुक्याचं उद्दिष्ट शून्य टक्क्यांवर मुक्कामाला होतं. त्यामुळे विस्तार अधिकारी गोपीचंद आणि अभियानाच्या समन्वयक वर्षाराणी मॅडम पोहरादेवीच्या रस्त्यावरून जीप वळवून थेट तांड्यावर आले.

स्वयंपाकघर कसलं, सहा बाय आठची खोली. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. घरात धुरपताबाई आणि तिचा नवरा किसनसिंग. दोन वर्षांपासून धुरपताबाईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सून जाताना म्हणाली होती, "शेजारच्या शीलाकडून भाकरी घेत जा." त्यावर म्हातारी उसळली, "माह्या घरात मी दुसऱ्याची भाकर काहून खाऊ?" आणि तिने हाताला ओळखू येतील अशा वस्तू जमवून घर लावलं. मीठ पोचा आलेल्या चहाच्या डब्यात. साखर झाकणाला सुतळी बांधलेल्या बरणीत. हळद तोंडाला लावायच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात, पीठ रंगाच्या रिकाम्या बादलीत. मोडक्या सायकलची रिंग आढ्याला टांगून तिच्यावर पळी, झारा आणि चिमटा अडकवलेला. हात पुढे केला की वस्तू हाती यायची. अख्ख्या तांड्यात तिची भाकर सगळ्यांत आधी तव्यावर पडे, आणि याचा तिला गर्व होता.

"एवढी कल्पकता सुचली कशी, आजी?" गोपीचंदांनी विचारलं.

"दिसत नाई ना साहेब मले, म्हणून."

'लाभार्थीस दूरदृष्टी आहे,' असं गोपीचंदांनी लिहून घेतलं. अर्जात डोळ्यांसाठी रकाना नव्हता.

आठवड्याभरात स्वयंपाकघराचा जिल्ह्यात पहिला क्रमांक आला. किसनसिंगने फेटा बांधून तांडाभर सांगितलं. पण पहिला क्रमांक आला की ते घर 'नमुना' ठरतं, आणि नमुना प्रमाणित असावा लागतो. घरातल्या साध्या, स्वस्त वस्तू वापराव्यात हे अभियानाचं ब्रीदच होतं. मात्र साध्या आणि स्वस्त वस्तू फोटोत साध्या आणि स्वस्त दिसतात, ही अडचण वर्षाराणी मॅडमनी बैठकीत मांडली. सबब, एका मापाच्या बारा पांढऱ्या बरण्या मंजूर झाल्या. बरण्या पारदर्शक नव्हत्या, कारण आतला माल दिसला की पसारा वाटतो. प्रत्येकीवर सुबक अक्षरात चिठ्ठी होती. मीठ-मसाला त्यांत ओतून मूळ वस्तू प्रदर्शनासाठी गोणीत भरण्यात आल्या.

"मॅडम, माहा मिठाचा डबा तं ठेवून जा," धुरपताबाई गोणीमागे चाचपडत आली.

"आजी, तो डबा आता तुमच्या एकटीचा राहिला नाही. तो जिल्ह्याचा आहे."

मग फोटो निघाला. चूल पेटलेली होती, पण धुरामुळे बरण्या धुरकट दिसतात म्हणून विझवून, सारवून, पुसून घेतली. कोपऱ्यात बसलेली धुरपताबाई चौकटीत येत होती, तिला जरा सरकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी किसनसिंगने चहाचा घोट थेट अंगणात थुंकला. "चहात मीठ कायले टाकलं वं?"

"मले काय माईत? बाराच्या बारा सारख्याच हायेत."

"वर चिठ्ठ्या हायेत ना."

"तू वाच."

किसनसिंगला फक्त अंगठा उठवता येत होता. तो शेळ्या घेऊन निघून गेला. मग वरणात साखर पडली आणि भाकरीच्या पिठात धुण्याचा सोडा. बोट घालून चाखावं, तर बोट तिखटाच्या बरणीत गेलं आणि तोच हात तिने डोळ्याला लावला. पाचव्या दिवशी तिने चूल पेटवलीच नाही. शीलाने आणून दिलेली भाकर तिने भिंतीकडे तोंड करून खाल्ली. तिला लाज वाटली, आणि ज्यांना वाटायला हवी होती ते जिल्ह्याच्या बैठकीत समोसे खात होते.

महिन्याने पाहणी पथक आलं. पथकात गोपीचंदच होते. त्यांनी मीठ मागितलं. धुरपताबाईने मोहरीची बरणी पुढे केली. निष्कर्ष उघड होता: 'लाभार्थीस स्वतःच्या स्वयंपाकघरातील वस्तू सापडत नाहीत. गृहव्यवस्थेचे तीन दिवसांचे प्रशिक्षण तातडीने द्यावे.'

जीप आली आणि तिला तालुक्याच्या गावी घेऊन गेली. सभागृहात चाळीस बाया बसल्या होत्या. वर्षाराणी मॅडम सांगत होत्या, "एका साध्या ग्रामीण महिलेनं टाकाऊ वस्तूंतून काय करून दाखवलं बघा," आणि टेबलावरच्या डब्यावर त्यांनी टिचकी मारली.

तो आवाज ऐकताच धुरपताबाई उठली. वाट चाचपत टेबलाशी पोचली आणि डबा तिने पोटाशी धरला. "हा माहा मिठाचा डबा हाय."

"आजी, प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"मी घरी नेतो. मले स्वयंपाक करा लागते."

गोपीचंद मदतीला धावले. "मालकी सिद्ध करावी लागेल. डब्याची पावती आहे?"

"लोकायनं फेकलेला डबा होता, साहेब. त्याची पावती कोन देते?"

"फेकलेला, म्हणजे तुमचा नाहीच."

बायांना हे पटलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण माना हलल्या. लेखी परीक्षेत धुरपताबाईला बारा चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. तिला शून्य गुण मिळाले. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र दिलं, तेही प्लास्टिकच्या वेष्टनात, म्हणजे धुराने खराब होऊ नये. ती काळजी अनाठायी होती. त्या घरात आता धूर होत नाही. दोन्ही वेळा शीलाकडून भाकर येते, आणि म्हातारी ती मुकाट्याने खाते.

फोटो तुमच्याही फोनवर आला होता. शेणाने सारवलेली भिंत, बारा पांढऱ्या बरण्या, झळझळीत कोरी चूल. 'किती साधं, किती सुंदर' म्हणत तुम्ही तो माहेरच्या ग्रुपवर पुढे पाठवलात. खाली हजाराच्या वर प्रतिक्रिया आहेत. या घरात कोण जेवतं, असं त्यांत एकानेही विचारलेलं नाही. बरण्या कुठे मिळतात, हे मात्र पुष्कळांनी विचारलंय. तुमचा प्रश्न वरून चौथा आहे. उत्तर आलंय, बघून घ्या.